तुम्ही रचलेलं पात्र कुणाला दाखवता?

हस्ताक्षर

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय.

शेरलॉक होम्सच्या जगात मी एक पात्र रचलं आहे. नाव हेस्टर. लंडनमधल्या एका तारऑफिसात खिडकीमागे बसते. तारेने काम भागत असेल तर होम्स पत्र लिहीत नाही, असं वॉटसनने एके ठिकाणी सांगून ठेवलंय. म्हणजे त्याच्या कितीतरी प्रकरणांचे तुकडे कुणाच्या तरी हातून गेले असणार. कागद घेणारं, शब्द मोजणारं, पैसे सांगणारं कुणीतरी. ते कुणीतरी म्हणजे माझी हेस्टर. १८८५ पासून सहा पेन्समध्ये बारा शब्द जायचे, पत्त्यासकट. पुढच्या प्रत्येक शब्दाला अर्धी पेनी. त्यामुळे लोक तारेतून जमेल तेवढं गाळायचे. हेस्टर उरलेल्या शब्दांवरून माणूस ओळखते. घाबरलेला माणूस तेरावा शब्द लिहून मोकळा होतो, असं तिचं निरीक्षण आहे. तिला होम्सचे प्रश्न दिसतात, उत्तरं बहुतेकदा दुसऱ्याच ऑफिसात उतरतात.

कथा अजून नाही. वही मात्र भरली आहे. तिचं अक्षर कसं आहे, खिडकी बंद केल्यावर ती आधी काय करते, धाकट्या भावाशी तिचं का पटत नाही, सगळं लिहून ठेवलंय.

माझ्या आसपास या विषयाचं कुणीच नाही. बहिणीला सांगितलं, ती "छान आहे गं" म्हणाली आणि विषय दुसरीकडे गेला. तिचा राग नाही, तिने होम्स वाचलेला नाही. पण कुणाशी तरी बोलावंसं फार वाटतं. तर विचारायचंय ते असं की कथा हातात नसताना नुसतं पात्र अनोळखी लोकांना दाखवावं का? आणि अशा फॅनफिकच्या (म्हणजे आवडत्या जगावर चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या) नादातून तुम्हाला खरोखर माणसं भेटली का, टिकली का?

रानवारा

हेस्टरला होम्स आवडतो की नाही? हे आधी सांगा, बाकीचं मग बोलू.

कोरा कागद

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. आधी कथा लिहा. पात्राच्या कल्पना आपल्या सगळ्यांकडे ढिगाने असतात आणि त्यांच्याबद्दल बोलण्यात लिहिण्याची ऊर्मी संपून जाते. चार जणांनी "वा" म्हटलं की मेंदूला वाटतं, काम झालं. मी बरीच वर्षं फॅनफिक वाचतो, लोकांना बीटा (कच्चा मसुदा वाचून दुरुस्त्या सुचवणारा) म्हणूनही मदत करतो. ज्या पात्रांची नुसती माहितीपत्रकं फिरतात (डोळ्यांचा रंग, आवडता ऋतू, दुःखद भूतकाळ) त्यातली फारच थोडी कथेत उतरलेली पाहिली आहेत.

तारऑफिसची कल्पना मात्र उत्तम आहे. म्हणूनच म्हणतोय, ती बोलण्यात खर्च करू नका.

निळी शाई

कोरा कागद, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. "वा" ऐकून ऊर्मी संपते हे खरं. पण प्रश्न ऐकून वाढते! वर रानवाराने विचारलंय ना, तसा एक प्रश्न कुणी विचारला की रात्रभर डोकं चालू राहतं.

माझा अनुभव सांगते. एका अंतराळमालिकेत एका भागापुरती दिसणारी एक वैमानिक होती. तिची धाकटी बहीण मी रचली आणि तिच्याबद्दल दोन परिच्छेद एका गटात टाकले. कथा नव्हतीच. तीन-चार जणांनी बदाम टाकले. एकीने मात्र विचारलं, "मोठी बहीण मोहिमेवरून परत येते तेव्हा ही दार उघडायला जाते की आतच बसून राहते?" मला उत्तर माहीत नव्हतं. शोधायला बसले आणि त्यातून पहिली कथा आली. तिने स्वतःचं एक पात्र माझ्या पात्राच्या शेजारच्या खोलीत आणून ठेवलं. दोघी एकाच फाइलमध्ये लिहायला लागलो, तिचा मजकूर हिरवा, माझा निळा.

पुढे माझे वडील बराच काळ आजारी होते. त्या दिवसांत ती मला रोज संध्याकाळी एक छोटा परिच्छेद पाठवायची. आमच्या दोन पात्रांचं काहीतरी फुटकळ भांडण. खिडकी कुणी उघडी ठेवली, दिवा कुणी बंद केला नाही, असलं. खाली एकच ओळ: "उत्तर लिहायची गरज नाही." मी महिनोन्महिने उत्तर दिलं नाही आणि ती पाठवत राहिली. आजही आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. पण माझ्या जवळची माणसं मोजायची तर ती पहिल्या काहींत येते. हस्ताक्षर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हो असं आहे.

वाटाड्या

+१. "उत्तर लिहायची गरज नाही" वाचून डोळे भरून आले.

जुना वाचक

ही माणसं जोडण्याची रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. १९२६ साली ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं छापताना ते पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापत. झालं! लोकांनी संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहायला सुरुवात केली. त्यातून मंडळं निघाली आणि चाहत्यांनी घरच्या घरी काढलेली मासिकं, म्हणजे फॅनझिन्स निघाली.

त्यातलंच एक जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांचं. १९३३ मध्ये त्यांनी आपल्या फॅनझिनमध्ये 'सुपरमॅन' नावाचं पात्र छापलं आणि तो चक्क खलनायक होता. मग तो बदलत बदलत १९३८ मध्ये जगापुढे आला तो नायक म्हणून. कोरा कागद यांना आदरपूर्वक सांगतो, कच्चं पात्र दाखवण्यात वाया काही जात नाही. ते पिकायला वेळ लागतो इतकंच.

आणि होम्सपुरतं बोलायचं तर साक्षात त्याच्या लेखकाची, कॉनन डॉयलची परवानगी आहे. नट विल्यम जिलेट होम्सवर नाटक करत होता, त्याने डॉयलला विचारलं की होम्सचं लग्न लावून देऊ का. उत्तर आलं: लग्न लाव, खून कर, काय वाटेल ते कर. आणि ही विचारणाही तारेने झाली होती बरं का, हस्ताक्षर! पुढे १८९९ च्या त्या नाटकात होम्सच्या हरकाम्या पोऱ्याला बिली हे नाव मिळालं. ते डॉयलला इतकं रुचलं असावं की पुढे त्याने स्वतःच्या लेखनात बिली घेतला. दुसऱ्याने आणलेलं पात्र मूळ लेखकाच्या घरी राहायला गेलं.

हस्ताक्षर

जुना वाचक, ती तार हेस्टरच्या खिडकीतून गेली असेल तर?! मी आता झोपत नाही.

रानवारा, तिला होम्स आवडत नाही. त्याचं अक्षर घाईचं असतं आणि तो चिल्लर मोजत नाही. पण त्याच्या तारा ती कधी दुसऱ्या मुलीला घेऊ देत नाही.

रानवारा

"दुसऱ्या मुलीला घेऊ देत नाही." बास. मला ही बाई हवी आहे.

टिंब

सगळं छान चाललंय, पण चोरीचं काय? मी एकदा एका गटात माझं पात्र मांडलं. पुढच्याच महिन्यात तेच पात्र, वेगळ्या नावाने, दुसऱ्याच्या कथेत. भुवईवरचा वण आणि घड्याळं दुरुस्त करण्याचा छंद यांच्यासकट. विचारलं तर म्हणे योगायोग. तेव्हापासून मी काही दाखवत नाही. हस्ताक्षर यांनीही इतकं उघड लिहू नये असं मनापासून वाटतं.

जुना वाचक

टिंब, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. दुसरी बाजूही सांगतो. १९८२ मध्ये मार्व्हलने एका वाचकाकडून स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची कल्पना २२० डॉलर देऊन विकत घेतली होती. १९८४ मध्ये तो पोशाख कॉमिकमध्ये आला. नंतर त्यातून व्हेनम हा खलनायक आणि केवढं काय उभं राहिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. कल्पनेचं मोल आधी कुणालाच कळत नाही, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही.

आणि हस्ताक्षर, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. तारऑफिसात बसून गिऱ्हाइकांच्या तारांवरून त्यांची आयुष्यं जुळवणारी मुलगी हेन्री जेम्सने १८९८ मध्ये लिहिली आहे, 'इन द केज' नावाच्या लघुकादंबरीत. कुणीतरी येऊन "हे आधीच झालंय" म्हणेल, तेव्हा बिचकू नका. जेम्सच्या मुलीला उच्चभ्रू लोकांच्या प्रेमप्रकरणांचं वेड आहे. तुमची हेस्टर गुन्ह्यांचे तुकडे जमवते आणि चिल्लर न मोजणाऱ्या माणसावर चिडते. नोकरी एक असली तरी बाया दोन आहेत.

निळी शाई

टिंब, एक सुचवू का? सगळ्यांपुढे न मांडता दोन-तीन जणांपुढे मांडा. आणि जे टाकायचं ते तारखेसह कुठेतरी प्रकाशित करून ठेवा. चोरी थांबत नाही, पण पात्र कुणाचं हे वाचणाऱ्याला दिसतं. घड्याळं दुरुस्त करणारा कुणाच्या जगातला होता?

टिंब

सांगेन. लगेच नाही.

सांजसावली

मला चोरीपेक्षा हसण्याची भीती वाटते. मी पंधरा वर्षांची असताना पहिलं पात्र टाकलं होतं. तिला तलवारबाजी येत होती, सात भाषा येत होत्या, सगळे तिच्यावर जीव टाकत होते. खाली एकाने लिहिलं, "मेरी सू, पुढे चला." दोनच शब्दांचा सल्ला, आणि मी कित्येक वर्षं लिहिलं नाही.

कोरा कागद

सांजसावली, असं लिहिणाऱ्याचा मला राग येतो. मेरी सू ही मुळात १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका स्टार ट्रेक फॅनझिनमध्ये लिहिलेल्या विडंबनातली लेफ्टनंट आहे. वय साडेपंधरा, ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी, सगळ्यात हुशार, शेवटी मरते आणि सगळे रडतात. तेव्हाच्या फॅनझिन्समध्ये अशा कथांचा पूर आला होता, म्हणून एका फॅनने बाकीच्या फॅन्सना काढलेला तो चिमटा होता. पुढे त्याचा दंडुका झाला आणि तो बहुतेकदा पोरींच्या पाठीत बसला. सात भाषा येणारा, तलवार फिरवणारा पुरुष असला की त्याला नायक म्हणतात.

पंधराव्या वर्षी माणसाने स्वतःला सात भाषा देऊ नयेत तर कधी द्याव्यात?

सांजसावली

धन्यवाद. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

मावळतीचा रंग

थोडं अवांतर. दुसऱ्याच्या जगात आपलं माणूस घुसवणं आपल्याला नवं नाही. भागवतात कृष्णाच्या सवंगड्यांची नावं आहेत, त्यात पेंद्या नाही. पेंद्या आपल्या संतकवींनी आणि लोककलावंतांनी आणला. बोबडा, लंगडा, खादाड, देवाशी भांडणारा. राजबिंड्या मित्रांच्या घोळक्यात कुणाला तरी आपल्यासारखं माणूस हवं होतं, म्हणून तो आला असं मला वाटतं.

देवळाची पायरी

मावळतीचा रंग, पेंद्या भक्तीतून आला. त्याची तुलना मालिकांच्या चाहत्यांशी करणं मला रुचलं नाही.

मावळतीचा रंग

तुमच्या भावनेचा आदर आहे. पण मला त्या दोन्हींत एकच ओढ दिसते: ज्याच्यावर जीव जडला त्याच्या शेजारी आपल्यालाही बसायला जागा हवी. असो, वेगळा धागा काढते, इथे हेस्टरला अडवायला नको.

उंबरठा

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल कुणी वेगळं बोललं नाही, म्हणून लिहितो. माणसं भेटतात, पण टिकतातच असं नाही. आमचा सहा जणांचा गट होता. एका मालिकेवर रोज बोलायचो, एकमेकांची पात्रं एकमेकांच्या कथांत वावरायची. मालिका संपली, तिचा शेवट निम्म्यांना आवडला नाही, एकेक जण दुसऱ्या फॅन्डममध्ये (चाहत्यांच्या गोतावळ्यात) गेला. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस लक्षात आलं की गटात शेवटचा संदेश माझाच आहे आणि त्याला बरेच महिने झालेत. आम्हाला एकमेकांची खरी नावंसुद्धा ठाऊक नव्हती. कुणाची आई कशाने गेली हे माहीत होतं, नाव माहीत नव्हतं.

म्हणून हस्ताक्षर, दाखवा जरूर, पण यातून आयुष्यभराची माणसं मिळतील असं धरून चालू नका. ज्यावर जमलात ते संपलं की माणसं पांगतात.

वाटाड्या

उंबरठा, शाळेतली माणसं पांगतात, नोकरीतली पांगतात. त्याला आपण खोटी मैत्री म्हणत नाही.

उंबरठा

खोटी म्हणालो नाही. दुखतं, एवढंच म्हणालो.

निळी शाई

उंबरठा, एक विचारते. त्या सहा जणांपैकी कुणाला तुम्ही स्वतः लिहिलंत का, मालिकेचा विषय सोडून? माझी मैत्रीण आणि मी दोघीही ती अंतराळमालिका कधीच सोडून आलोय. टिकलो कारण मधल्या काळात एकमेकींना मालिकेबाहेरचे प्रश्न विचारायला लागलो होतो. आज काय झालं, झोप लागली का, असे साधे. ते कुणीतरी आधी सुरू करावं लागतं.

पानगळ

हस्ताक्षर यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा फॅनफिकचा ऑनलाइन संग्रह २००९ पासून चालू आहे, चालवणारे सगळे स्वयंसेवक आहेत आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे स्वरचित पात्रांसाठी वेगळा टॅग असतो, म्हणजे ज्याला अशी पात्रं वाचायची आहेत तो आपणहून येतो. मात्र तिथे कथा लागते. नुसत्या पात्रासाठी छोटे गट बरे.

कुडोजवर (तिथल्या 'आवडलं'च्या बटणावर) फार जाऊ नका. ते बोट दाबून निघून जाणं असतं. माणूस भेटतो तो प्रतिसादात. आणि सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे आधी आपण दुसऱ्याच्या पात्राबद्दल काहीतरी नेमकं लिहायचं. "मस्त" नाही. "तिसऱ्या परिच्छेदात ती हातमोजे काढत नाही, ते मुद्दाम आहे का?" असं काही. लिहिणाऱ्याला कळतं की कुणीतरी आपल्या ओळीजवळ थांबलं होतं.

अनोळखी माणसासाठी लिहून पाहण्याचे उपक्रमही असतात. 'यूलटाइड' ही देवाणघेवाण २००३ पासून चालते, कमी चाहते असलेल्या जगांसाठी. तुमच्या वाट्याला एक अनोळखी व्यक्ती येते, तिला हवी तशी कथा तुम्ही लिहायची आणि तिसरंच कुणीतरी तुमच्यासाठी लिहितं. मला त्यातून दोन चांगल्या मैत्रिणी मिळाल्या.

खारूताई

प्रत्यक्ष भेटीची ताकद वेगळी, हेही नोंदवते. तोक्योत १९७५ मध्ये पहिलं कॉमिकेट (चाहत्यांच्या कॉमिक्सचा मेळावा) भरलं तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं होती. स्वतः काढलेली पुस्तकं मांडून बसायचं आणि समोर आलेल्या माणसाने ती उभ्या उभ्या चाळायची. आज तिथे लाखोंनी लोक जातात. मी एका खूप छोट्या मेळाव्यात माझ्या पात्राची चित्रं घेऊन बसले होते. एक मुलगा येऊन बराच वेळ एकच पान बघत राहिला आणि म्हणाला, "हिचा डावा हात दुखतो का?" मी तो हात नेहमी वाकडाच काढत होते, का ते माझं मलाच तोवर कळलं नव्हतं. आता ते पात्र डाव्या हाताने लिहायला शिकतंय.

रेषेवरची अक्षरं

मंडळी, मूळ मुद्द्यावर येते, हेस्टरवर. 'द मिसिंग थ्री-क्वार्टर' आठवतेय का? १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेली होम्सकथा. त्यात एका हरवलेल्या खेळाडूने कुणाला तार केली हे होम्सला हवं असतं. तो तारऑफिसात जातो आणि खिडकीमागच्या तरुणीला सांगतो की कालची तार माझीच, खाली नाव लिहायचं राहिलं की काय अशी शंका येतेय. ती स्थळप्रती चाळून त्याला कागद दाखवते आणि त्याचं काम होतं. मूळ कथेत ती तरुणी दोन-चार ओळींपुरती आहे. तिला नावसुद्धा नाही.

हस्ताक्षर, ती हेस्टर आहे का?

जुना वाचक

क्या बात! आणि त्यात पेच असा की तारेतला मजकूर बाहेर फोडणं हा कर्मचाऱ्याला कायद्याने गुन्हा होता. म्हणजे होम्सने तिला फसवून तिची नोकरी धोक्यात घातली. कथेत त्याला याचं काहीच वाटत नाही.

रानवारा

त्यातून ती त्याच्या तारा कुणाला घेऊ देत नाही. म्हणजे तिला त्याचं अक्षर पाठ आहे. कालची तार त्याची नव्हती हे तिला कळलं असणारच!!

कोरा कागद

थांबा. तिला कळलं होतं आणि तरी तिने कागद दाखवला. का?

हस्ताक्षर

मी ती कथा काल रात्री पुन्हा काढून वाचली. हो, ती हेस्टरच आहे.

आणि कोरा कागद, तिने कागद दाखवला कारण मूळ तार तिनेच घेतली होती. लिहिणाऱ्या पोराचा हात थरथरत होता. त्या तारेत देवाची आण घालून मदत मागितली होती, ते शब्द तिने मोजले होते आणि त्यांचे पैसे घेतले होते. ती दिवसभर कुणाला काही सांगू शकत नव्हती. मग होम्स आला आणि धडधडीत खोटं बोलला, तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. तिला कुणीतरी विचारायला हवंच होतं. फसलेल्या मुलीचं सोंग तिने केलं.

हे मला वहीत सापडलं नव्हतं, तुम्ही सगळे विचारत गेलात म्हणून मिळालं. पहिली दोन पानं लिहून झाली आहेत. टिंब, तुमची काळजी लक्षात घेऊन ती इथे टाकत नाही, ज्यांना वाचायची असतील त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोरा कागद, तुम्ही बीटा म्हणून वाचाल का?

कोरा कागद

आनंदाने. पण लाल शाई सढळ हाताने वापरतो, तयारी ठेवा.

टिंब

मलाही पाठवा. आणि निळी शाई, घड्याळं दुरुस्त करणारा कुणाचा ते व्यनित लिहिलंय.

उंबरठा

जुन्या गटातल्या एकाला लिहिलं. मालिकेचा विषय काढला नाही. अजून उत्तर आलेलं नाही, आलं तर सांगेन.

अबोली

खाते उघडून खूप दिवस झाले, प्रतिसाद पहिलाच. माझंही एक पात्र आहे, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. स्टार ट्रेकच्या जहाजावर गणवेश देणारा माणूस. मोहिमेवर जाणारे लाल शर्टवाले बहुतेकदा मरतात हे आपल्याला माहीत आहे. त्याला सगळ्यांची मापं पाठ असतात. परत न आलेल्यांचीही. फारसं काही लिहिलेलं नाही, एवढंच.

रानवारा

अबोली, थांबा, जाऊ नका. नवीन आलेल्या पोराला पहिला लाल शर्ट हातात देताना तो काही बोलतो का?